‘निर्धास्त’चं वेष्टन

९ सप्टेंबर १९३३
सकाळी जीभ पाहिली. पांढरट. काल भातावर तूप जास्त घेतलं, त्यामुळे असेल. नसेलही. नाडी ठीक.
शाळेत जाता जाता डॉक्टरांकडे डोकावलो. बाकावर नेहमीचीच मंडळी बसलेली. माझी पाळी आली तेव्हा नळी कानाला न लावताच डॉ. म्हणाले, "मास्तर, या बाकावरच्या निम्म्यांना रोग नाही, रोगाची धास्ती आहे. तुम्ही लिहिते गृहस्थ. यांच्यासाठी एखादं मासिक काढा आणि माझी सुटका करा."
थट्टाच केली त्यांनी. पण दिवसभर मुलांना पाढे म्हणायला लावून मी त्याचाच विचार करत होतो. आश्चर्य म्हणजे दुपारनंतर जिभेची आठवणही झाली नाही.

१४ सप्टें.
दामूअण्णांच्या छापखान्यात गेलो. एकच पायमशीन, लग्नपत्रिका नि पावतीपुस्तकं छापून दमलेलं. म्हणाले, "आजाऱ्यांचा मासिक काडतांव म्हंता?"
"आजाऱ्यांचं नव्हे. ज्यांना काही झालेलं नाही पण झालंय असं वाटतं, त्यांचं."
अण्णांनी पान जुळवलं, चुना लावला, तोंडात टाकलं. मग म्हणाले, "म्हंजे तुमचाच की."
राग आला, पण खरं तेच बोलले. दर महिन्याला अंक छापायला तयार आहेत. नाव ठरलं ‘निर्धास्त’.

२० सप्टें.
पहिला लेख लिहून छापखान्यात दिला होता, ‘छातीत धडधडते? भिऊ नका’. खिळे जुळवणारे शांताराम, वयस्क माणूस, आयुष्यात कधी डोकं दुखलं नाही म्हणणारे. अर्ध्यावर आले नि हात थांबवून म्हणाले, "अण्णा, माज्या बी छातीत कायतरी होतंय वं." त्यांना पाणी दिलं. मी प्रूफ वाचायला घेतलं तर मलाच बाकावर आडवं व्हावं लागलं. लेख माझाच!
घरी सांगितलं तर लेक, कुसुम, पोट धरून हसली. सौ. हसली नाही. तिनं पंचवीस वर्षं हेच पाहिलंय.
लेख रद्द. नियम केला, ‘निर्धास्त’मध्ये कुठल्याही रोगाचं नाव येणार नाही. मग छापायचं काय, हा प्रश्न उरतोच.

२३ सप्टें.
कुसुमनं अंक आपल्या हाती घेतला. एकोणीस वर्षांची झाली, सातवी पास, पुढे शिकवलं नाही, घरात तिच्या डोक्याला काही काम नाही. रांगोळीचे नि भरतकामाचे कागद बाजूला सारून पानं आखत बसली आहे.
तिचं म्हणणं, धास्तावलेला माणूस अंक उघडतो तेव्हा त्याला आधी थांबवायला हवं. म्हणून पहिल्या पानावर काही नको, मधोमध मोठ्या टाइपात फक्त एवढंच:
"आरसा खाली ठेवा. जीभ उद्याही तिथेच असेल."
मी म्हटलं, हे माझ्यावर आहे. म्हणाली, "तुमच्यावर नाही अप्पा, तुमच्यासाठी आहे." जरा लागलं. पण पान चांगलं झालंय.

२८ सप्टें.
दामूअण्णांकडे तांबड्या शाईचा डबा नवाकोरा पडून आहे. शीर्षक तांबड्यात काढू म्हणून हट्टच धरला. कुसुमनं निरोप पाठवला, तांबडं नको, लोकांना रक्त आठवेल. अण्णांना पटेना, "कुंकू बी तांबडाच असता की!" शेवटी निळी शाई.
मुंबईच्या एका औषधवाल्यानं जाहिरात पाठवली आहे. चित्रात माणूस पोट धरून वाकलाय, डोळे बाहेर आलेत. परत केली. अंकाला एवढी एकच जाहिरात मिळत होती. सौ. म्हणाली, "धन्य आहे तुमची."

१२ ऑक्टोबर
अंक निघाला! लहानसाच. मोठा टाइप, ओळी विरळ, कारण आपले वाचक पडून वाचणार. आत काय, तर झोप न येणाऱ्यानं अंधारात काय आठवावं. वैद्याकडून घरी येताना कुठल्या वाटेनं यावं. बायकोला रोज ‘मी कसा दिसतो’ विचारण्याऐवजी दुसरं काय विचारता येईल. हे शेवटचं सौ.नं तोंडी सांगितलं, मी उतरून घेतलं. फार छान बोलली. इतक्या वर्षांत मला कधी बोलली नव्हती.
वर ठळक, ‘निर्धास्त. विनाकारण आजाराची धास्ती घेणाऱ्यांचे मासिक.’ खाली संपादक म्हणून माझं नाव. वेष्टनावरही तेच सगळं. डॉ.च्या बाकावरच्यांनी आपणहून पत्ते दिले होते, त्यांनी आणखी कोणाकोणाचे दिले. सगळे अंक टपालात टाकून मांडवीच्या बंदरावर जाऊन बसलो. नाडी पाहिली नाही.

२६ ऑक्टो.
दिवाळी उलटली. अंक परत येऊ लागले आहेत. ‘घेण्यास नकार’. रोज थोडे थोडे.
कारण आज कळलं. नाटे गावाहून एक म्हातारे गृहस्थ आले, होडीवाले, उन्हातान्हाचे. म्हणाले, "मास्तर, अंक चांगलाच हाय. पन वर ता नाव कशाला छापलंव? आमच्याकडं टपाल देवळाम्होरं वाटतात. पोस्टमनानं मोठ्यान् वाचलान्, ‘आजाराची धास्ती कोनाला आली रं?’ त्या दिसापासनं सून मला येगळ्या तांब्यातनं पानी देते."
चहा दिला. आपल्या नेहमीच्या पेल्यातून दिला, मुद्दाम. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पेला रिकामा झाल्यावरही बराच वेळ हातात धरून बसले.
ज्यांना धीर द्यायचा त्यांच्याच घरात संशय पेरला. एवढी साधी गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही. लोक रोगाला भितात, पण रोग्याला त्याहून जास्त भितात.

३ नोव्हेंबर
कुसुमनं नवं वेष्टन केलं. जाड खाकी कागद, मासिकाचं नाव नाही, माझंही नाही, पत्त्याखेरीज फक्त आंब्याच्या कलमाचं चित्र. ठसा सुताराकडून करून घेतला. ‘निर्धास्त’ हे नाव आतल्या पानावर, बारीक. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं बागाइतीबद्दल काही आहे.
दामूअण्णा ठसा उलटसुलट करून बघत म्हणाले, "पोर हुशार हाय हो मास्तर. हिचा लगीन लांबवू नका."
उशीर झालाच आहे, हे मला काय कळत नाही?

१९ नोव्हें.
दुसरा अंक गेला, एकही परत नाही. उलट राजापुराकडच्या कोणा बागाइतदारानं विचारलंय की मोहोर गळतो त्यावर काय करावं. सौ. म्हणाली, "कळवा त्यांना, मोहोराचीसुद्धा धास्ती घेऊ नये म्हणावं."
तिघंही हसलो. घरात असं हसणं बऱ्याच दिवसांनी.

२७ नोव्हें.
कुसुमला गुहागरचं स्थळ आलंय. मुलगा मुंबईत कचेरीत नोकरीला, वडील तात्या, सुपारीचे व्यापारी, बाग मोठी. तुळशीच्या लग्नानंतर कुठल्या तरी लग्नात मुलाच्या आईनं कुसुमला पाहिलं, आवडली. पत्रिका जुळते. सौ. हरखली आहे.
पण मध्यस्थानं जाताना, ओटीवरून उतरता उतरता, सहज आठवल्यासारखं सांगितलं, मुलाच्या आईच्या हाती आपल्या मासिकाचा पहिला अंक पडलाय. संपादक म्हणून माझं नाव वाचलं. ती विचारते, ‘या घरात छातीच्या दुखण्याचं कोणी आहे काय? नसेल तर मुलीचा डॉक्टरचा दाखला दाखवा.’
त्यांच्याकडे अंक गेला कसा? गुहागरात आपला कोणी वर्गणीदार त्या नावाचा नाही.
सौ. सबंध संध्याकाळ तांदूळ निवडत राहिली, निवडलेले पुन्हा निवडत.

३० नोव्हें.
कुसुमला डॉ.कडे नेलं. त्यांनी नीट तपासलं, दाखला लिहिला, ‘मुलगी सर्वतोपरी निरोगी’. वर मला म्हणाले, "मास्तर, आता तुमच्यासाठीही देऊ का?"
येताना दाखला खिशात. असे दाखले मी आजवर किती घेतले! डॉ. म्हणाले ‘काही नाही’, की वाटेतली झाडं हिरवी दिसतात. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वाटतं, यांनी नीट ऐकलं नसेल, घाईत होते. माझा माझ्या डॉक्टरावर विश्वास बसत नाही, तर परक्या बाईनं का ठेवावा? कुसुमला हे बोललो नाही. ती समुद्राकडे बघत पुढे चालत होती, चांगली भरभर, दम लागत नव्हता. ते मी पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं.

१० डिसेंबर
आज झालं ते लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
तात्या नि मुलाची आई बोटीनं आले. मुलगा रजेअभावी आला नाही. तात्या जाडजूड, मोकळे, हसरे. बाई कमी बोलतात, पण दाखला वाचून कनवटीला लावल्यावर सैलावल्या. लाडू हातात घेतला. सगळं सुरळीत चाललं होतं.
कुसुम पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. आत फोडणीत मिरची करपली होती, दार उघडताच तिला ठसका लागला. दोन-तीनदा खोकली. बस. तात्या तर शिंकलेसुद्धा. कोणाचं लक्षही गेलं नसतं.
मी उठून उभा राहिलो. "बस, बस खाली! पाणी आण कोणी तरी!" आणि सगळ्यांदेखत तिचं मनगट धरून नाडी पाहू लागलो. केव्हा धरलं ते मला कळलं नाही. हात आपोआप गेला.
कुसुमनं हात सोडवून घेतला. बशी कलंडली.
मुलाच्या आईनं लाडू हळूच परत ताटात ठेवला.

११ डिसें.
कुसुम बोलली, सकाळी, पाणी तापवताना. "दाखला तुम्हीच आणलात अप्पा, आणि तुम्हीच फाडलात."
रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

२२ डिसें.
गुहागरहून काही नाही. ‘पत्रिका जुळत नाही’ एवढं तरी कळवतील, तेही नाही.
मला लाज वाटते. त्याहून वाईट म्हणजे आज पहाटे मी कुसुमला म्हटलं, घसा दाखव. तिनं पदर डोक्यावरून घेतला नि विहिरीकडे गेली. खोकला नाही, ताप नाही, डॉ.नी तपासलेलं, ठसका कशाचा तेही मला ठाऊक. तरी विचारलंच. हा माझ्यातला प्राणी कुठल्या अंकानं निजणार?

६ जानेवारी १९३४
तिसऱ्या अंकाची पानं पडून. सौ. म्हणाली, "बंद करा मेलं ते. त्यानंच घात केला पोरीचा." मीही बंद करायचं ठरवून छापखान्यात निघालो होतो. कुसुमनं दारात अडवलं. "मासिकानं काय केलं? नाट्याचे आजोबा वाट बघत असतील. माझी पानं तयार आहेत, घेऊन जा."
गेलो. नाट्याच्या आजोबांना आता घरात सगळ्यांबरोबरच्या तांब्यातून पाणी मिळतं, असं दामूअण्णा कुठून तरी ऐकून आले होते. खरं की मला बरं वाटावं म्हणून, देव जाणे.

१८ जाने.
तात्या आले. एकटेच. दुपारच्या बोटीनं, न कळवता.
चहा नको म्हणाले. मला घेऊन मांडवीच्या बंदराकडे चालू लागले. सुपारीबद्दल बोलले, वाऱ्याबद्दल बोलले. मी मनात म्हटलं, नकार सांगायला एवढी चाल कशाला. धक्क्याच्या टोकाला कोणी नाही असं पाहून थांबले आणि मनगट पुढे केलं.
"मास्तर, त्या दिवशी मुलीची बघितलीत तशी माझी जरा बघा."
"भाऊ गेला तेव्हापासून. रोज वाटतं, आज माझी पाळी. घरात कोणाला ठाऊक नाही. तुमचा अंक मीच मागवला होता, दुकानाच्या नोकराच्या नावानं. गादीखाली ठेवलेला हिला सापडला. ‘कुठून आला हा?’ म्हणाली. मी म्हटलं, मुलीकडल्यांनी पाठवला असेल. तोंडातून निघून गेलं हो."
म्हणजे सगळा संशय या माणसाच्या गादीखालून निघाला. एवढा मोठा देह, आणि बायकोपुढे एक वाक्य खरं बोलवलं नाही! संताप आला. त्याला धक्क्यावरून ढकलावंसं वाटलं. पण मनगट माझ्या हातात होतं आणि ते थरथरत होतं. असंच थरथरतं मनगट मी किती वर्षं लोकांपुढे केलंय.
नाडी चांगली होती. भरदार. तसं सांगितलं. तात्यांनी डोळे मिटले, मग एकदम मोकळे हसले. मनात म्हटलं, दोन दिवस पुरेल.
जाताना दुसरा-तिसरा अंक कोटाच्या आत घातला. म्हणाले, "लग्नाचं मी घरात बोलतो. हिला वळवतो. तेवढं अंकाचं कुठे बोलू नका."

१९ जाने.
सौ.ला सगळं सांगितलं. ती एकदम उठून देवापुढे दिवा लावायला गेली. "जमलंच मग! आता ते आपल्या मुठीत." मलाही हलकं वाटत होतं, लपवत नाही.
कुसुम पुढच्या अंकाचं पान आखत होती. पट्टी खाली ठेवली. म्हणाली, "म्हणजे तिथेही तुम्हीच, अप्पा."
सौ. म्हणाली, "अगो, चांगला माणूस आहे तो."
"अप्पाही चांगलेच आहेत." मग माझ्याकडे न बघता बोलत राहिली. फार शांतपणे. "लहानपणी ताप नसताना तुम्ही माझ्या कपाळाला हात लावायचात. रोज. मला वाटायचं, माझ्यात काही तरी बिघडलेलं आहे, ते यांना ठाऊक आहे, मला सांगत नाहीत एवढंच. अजून वाटतं कधी कधी. पायरी चढताना दम लागला की वाटतं, हेच ते."
मी मायेनं हात लावत होतो. खरंच मायेनं. हे तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत आहे, आणि त्यानं काही फरक पडत नाही.
सबंध रत्नागिरी जिल्ह्याची धास्ती घालवायला निघालो, आणि पोटच्या पोरीला मीच ती चारली. एक एक घास.

२७ जाने.
तात्यांचा माणूस आला आहे. होकार! मुलाची आई राजी, दाखला पुरेसा आहे म्हणते, बैठकीला या. मुलगा पुढल्या महिन्यात रजेवर येतोय.
सौ.नं लगोलग नारळ काढून ठेवला. विसावं लागलंय, असं स्थळ पुन्हा येणार नाही, तिचंही खरं आहे. मी कुसुमला विचारलं. वाटलं रडेल, नाही तर स्पष्ट नाही म्हणेल. दोन्ही नाही. म्हणाली, "मुलगा कसा आहे मला माहीत नाही. तो वडिलांसारखा असेल, नसेलही. मी नाही म्हणत नाही. पण मला एकदा त्याच्याशी बोलू द्या. तुम्ही तिथे नको."
सौ. कपाळाला हात लावून बसली. मुलीनं एकटीनं मुलाशी बोलायचं, हे गुहागरात कोण ऐकून घेणार? हो कळवावं तर पोरीच्या मनाविरुद्ध. अट घालावी तर तात्या घरात काय सांगणार, त्यांना तर एक अंक माझा म्हणून सांगता आला नाही. आणि त्यांचं गुपित माझ्याकडे आहे, त्याची त्यांना आठवण देऊन अट मान्य करून घ्यावी, असंही एकदा मनात आलं. तसं केलं तर लग्न जमेल. पण त्या माणसाची झोप उडेल, आणि कुसुम त्याच घरात राहणार.
त्यांचा माणूस ओटीवर बसून आहे. उत्तर घेऊनच जाईन म्हणतो, संध्याकाळच्या बोटीनं. सौ.नं त्याला दुसऱ्यांदा चहा दिला. कुसुम आत आहे, काही वाजत नाही. मला उठायला हवं, आणि बाहेर जाऊन काय बोलायचं ते अजून मला ठाऊक नाही.